पुलापुढचा सोबती

शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक गोष्ट मी पदरची घातलीय. पण ती शेवटी सांगेन, नाहीतर तुम्ही आत्ताच उठून जाल.

गाडी चालवायला शिकवणारी मास्तरीण त्या दुपारी बाटली भरून नेहमीसारखी धावायच्या सरावाला निघाली. शंभर किलोमीटरची शर्यत आठवड्यावर आली होती आणि तिचं घोडं कालव्यावरच्या पुलाशी अडलं होतं. तिचा दादा धावता धावता तिथेच कोसळला आणि जागीच गेला. तेव्हापासून पुलापुढे तिचे पाय उचलत नव्हते.

"पुलावरून माघारी फिर हं," आई दारातून म्हणाली.

"रोज शिकाऊ लोकांच्या शेजारी बसते मी, आई. त्यात नाही मेले!"

तिच्या घड्याळात एक सोय होती. कुणाचीही जुनी धाव सोबतीला लावायची. मग तो माणूस आपल्या किती पुढे, किती मागे, हे घड्याळ कानात सांगत राहतं. मास्तरणीने दादाची शेवटची धाव लावली होती. जिवंतपणी पठ्ठ्याने तिला कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. आता तरी त्याला हरवायचं होतं.

ऊन रणरणत होतं. वाऱ्याचं नाव नाही. कालव्यातून शेवाळाचा कुबट वास येत होता.

पूल आला. "सोबती पन्नास मीटर मागे," घड्याळ म्हणालं. दात आवळून तिने पूल ओलांडला. आता हा आवाज बंद व्हायला हवा होता. दादाची धाव पुलावरच संपली होती.

"सोबती तीस मीटर मागे."

पाठीमागे पावलं वाजू लागली. धप्... धप्... डावं जरा जड. दादाचीच चाल. पाठोपाठ, तो दुखऱ्या गुडघ्यावर मारायचा त्या फवाऱ्याचा झोंबरा वास.

"सोबती पाच मीटर..."

"दादा..." ती पुटपुटली. "मला थांबवायला आलायस ना?"

मागची पावलं तशीच वाजत राहिली.

"मग ऐक. मी थांबत नसते. माझ्या मागे लागलास तर तूच दमशील!"

तिने वेग वाढवला. छाती फुटायची वेळ आली, पण मान वळवली नाही. कालव्याच्या लोखंडी दरवाजाशी पोचली आणि तिने घड्याळाचं बटण दाबलं.

"सोबती..." थांबवलेलं घड्याळ बोललं. "सोबती पुढे."

समोरचा रस्ता ओसाड होता.

"लबाडा!" मास्तरीण कडाडली आणि बटण पुन्हा दाबून त्या ओसाड रस्त्यावर सुसाट सुटली.

शर्यत तिने पुरी केली, तेही हसत. अजून रोज पुलापुढे धावते.

आता कबुली. ती पावलं मी घातली. तिने मला सांगितलं ते असं, की पुलापुढे त्या घड्याळाखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं. दादाची पावलं नाहीत... आणि तिची स्वतःचीसुद्धा नाहीत.