व. इतर यांचे शेवटचे दोन दिवस

मंगळवारी सकाळी अकरा वाजता थोर संगीतकार व. इतर भर सभागृहात वारले. तीन मुलांनी मिळून त्यांचा निकाल लावला. पण असं काही झालंच नाही असं धरून चालू आणि सोमवारपासून सुरुवात करू.

सोमवारी खोडरबर नावाची मुलगी रेडिओ केंद्राच्या तळघरात ध्वनिफितींच्या डब्यांवरची धूळ पुसत होती. सुट्टी लागल्यापासून हेच. आईबाबा दौऱ्यावर, मैत्रिणी गावाला, आणि ज्या आत्याकडे तिला ठेवलं होतं ती इथे दिवसभर कानांवर हेडफोन लावून जुनं संगीत ऐकायची आणि त्याची यादी करायची. तिच्याशी बोलायचं तर चिठ्ठी लिहावी लागे. परवा खोडरबरने लिहिलं होतं, ‘मला कंटाळा आलाय.’ आत्याने चिठ्ठीवर क्रमांक टाकला आणि ती फाईलला लावली.

सोबतीला लिफ्टमनची जुळी मुलं होती, वर आणि खाली. वरला नेहमी वाटे, सगळं छान होणार. त्याच्या बहिणीला, म्हणजे खालीला, तसं एकदाही वाटलं नव्हतं.

“उद्या व. इतरांच्या पाटीचं अनावरण,” वर म्हणाला. “तीनशे बारा रचना, एकट्या माणसाच्या!”

“आणि तो एकटा माणूस कुणीच पाहिलेला नाही,” खाली म्हणाली.

तेही खरंच. संचालकसाहेब तीन वर्षं त्यांचं चरित्र लिहीत होते. आतापर्यंत एवढंच झालं होतं: ‘जन्म: माहीत नाही. मृत्यू: झाला असावा.’ चित्रकाराने अंदाजाने तैलचित्र काढलं होतं आणि चेहरा फार मोकळा वाटला म्हणून मिशा दिल्या होत्या.

खोडरबरच्या हाती दोनशे चार नंबरचा डबा आला. सगळ्या डब्यांत हाच तेवढा झिजलेला. तळघरातल्याच श्रवणकक्षात सात नंबरच्या खुर्चीवर बसणाऱ्या आजी रोज हीच फीत मागत, ऐकत आणि सही करून जात. ती सही कधी कुणी वाचली नव्हती.

तिने फीत लावली. एका तरुण बाईचा आवाज आला, “एक, दोन, अडीच, चार.” मग व्हायोलिन, ढोल, बासरी. चाल संपल्यावर कुणीतरी हसलं.

“अडीच?” खाली म्हणाली. “हिचं गणित माझ्यासारखंच आहे.”

त्या दिवशी लिफ्ट बिघडली होती. दुपारी आजी एकेक पायरी मोजत जिना उतरत आल्या. “एक, दोन, अडीच, चार.”

तिघं जिन्याकडे धावली.

“आजी, तुम्ही व. इतर आहात का?” खोडरबरने विचारलं.

“व इतर?” आजी थांबल्या. “ते तर आम्ही सगळेच होतो, बाळा. चाली मी बांधायची. वाजवायचो बारा जण. कागदावर मात्र ‘केंद्रप्रमुख व इतर’.”

मुलांनी जुनी नोंदवही उपसली. पानोपानी तेच. नवी यादी करताना केंद्रप्रमुखांना शिट्टीही वाजवता येत नव्हती म्हणून गाळलं होतं. मागे उरलं ‘व इतर’. हे आद्याक्षर असणार असं समजून संचालकसाहेबांनी ‘व’पुढे टिंब दिलं होतं.

खोडरबरने हे सगळं लिहून आत्याला चिठ्ठी दिली. तिलाही क्रमांक पडला. मग मुलं साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, “उद्या यादी छापायला जाते आहे. नंतर बदल होणार नाही. सबब, नंतर या.”

मंगळवारी अकरा वाजता साहेबांनी पाटीवरचं कापड ओढलं. “ऐका, व. इतरांचीच एक रचना!”

फीत वरने बदलली होती. “एक, दोन, अडीच, चार,” बाईचा आवाज आला आणि दारातून आजींनीही सवयीने मोजलं. दोन आवाज, एकच अडीच. चित्रातल्या मिशा तेवढ्या गप्प होत्या.

आत्याने प्रथमच हेडफोन काढला. “तोच गळा आहे,” ती म्हणाली. “माझ्या कानांना खात्री आहे.”

खोडरबरने नोंदवही उघडून साहेबांपुढे धरली. ते पानोपानी वाचत गेले.

“यादी थांबवा,” ते म्हणाले. “शाबास, पोरांनो. एवढंसं टिंब आम्हाला कसं दिसलं नाही?”

“तुम्हीच दिलं होतं ना, साहेब,” खाली म्हणाली.

आत्याने खोडरबरच्या हाती शाईचं पेन दिलं. आजींनी नाव सांगितलं, ते तिने दोनशे चारच्या डब्यावर लिहिलं. मग आणखी अकरा नावं. आजींना पाठ होती.

“ते कुठे असतात?” वरने विचारलं.

“आता मीच उरलेय.”

“पण अडीच का?” खालीने विचारलं.

“आमचा ढोलवाला तिसरा ठोका नेहमी आधीच मारायचा. त्याच्यासाठी मी अडीचच मोजायची. शेवटी हसतो तो तोच. चाल मला येते गं. मी त्याचं हसणं ऐकायला येते.”

आत्याने फाईलमधून कंटाळ्याची चिठ्ठी काढली, त्या मजकुराखाली ‘मलाही’ असं लिहिलं आणि दुसरा हेडफोन खोडरबरपुढे सरकवला.

संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर अर्ज आला:

‘प्रति, मा. संचालक.
विषय: खुर्च्या मिळणेबाबत.
महोदय, श्रवणकक्षात खुर्ची क्र. ७ शेजारी आणखी अकरा खुर्च्या मांडाव्यात. त्यांवर इतर कुणालाही बसू देऊ नये. वादकांना यायला कितीही उशीर झाला, तरी त्यांची गैरहजेरी लावू नये, ही विनंती.
आपले विश्वासू,
खोडरबर, वर, खाली.
(“व” मुद्दाम गाळला आहे.)’