एकच सायकल, पाच लाल चिठ्ठ्या

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकला होता, आणि अडकवलं होतं मीच.

मी लिफ्ट तपासते. त्या दिवशी एका जुन्या इमारतीतली मालाची लिफ्ट होती, जाळीच्या दाराची. चाचणीआधी प्रत्येक मजल्यावर ‘लिफ्ट बंद’ अशी पाटी लावायची असते. मी तळमजल्यावर लावली, पहिल्यावर लावली, आणि दुसऱ्यावरची राहून गेली. वर यंत्राच्या खोलीत बसलेल्या सहकाऱ्याला मी हाक दिली, त्याने आणीबाणीचा ब्रेक टाकला, आणि जाळीआडून एक शांत आवाज आला.

“अहो... कुणी आहे का? घाई नाही. पण माझ्यासोबत एक सायकल आहे.”

मी पहिल्या मजल्याच्या कडेशी गुडघे टेकून खाली पाहिलं. केसांत लोखंडाचा कीस, हातात पोलादी सायकलचा नुसता सांगाडा, चाकं नाहीत, रंग नाही. ब्रेक सोडवायला वीस मिनिटं लागतील, असं मी सांगितलं. अडकलेली माणसं एक तर ओरडतात नाही तर व्हिडिओ काढतात. हा गृहस्थ मांडी घालून बसला, खिशातून पॉलिशपेपर काढला आणि सांगाड्याचा सांधा घासायला लागला.

अडकलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून मीही तिथेच पायरीवर बसले. नियम नसता तरी बसले असते, हे आता सांगायला हरकत नाही.

बोलता बोलता कळलं की तो दुसऱ्या मजल्यावर सायकली बनवतो. विकत नाही, बनवतो. पोलादाच्या नळ्या कापून, पितळेने झाळून सांधत, माणसाच्या मापाने. मला हसूच आलं, कारण मी महिनाभर सायकल शोधत होते. तीन महिन्यांनी मला समुद्राकाठच्या एका गावी रुजू व्हायचं होतं, तिथल्या कार्यालयाची प्रमुख म्हणून. सात वर्षं वाट पाहून मिळालेली जागा होती. इथून चारशे किलोमीटर. मी सायकलने जाणार, असं घरी जाहीर केलं होतं, आणि आईने फोन ठेवून दिला होता.

“मग दोन घ्या,” तो म्हणाला. “प्रवासाला एक दणकट, रोजच्या ऑफिसला एक हलकी. सगळे तसंच सांगतील.”

“सगळ्यांनी तेच सांगितलं. मला एकच हवी. घाटात तीच, ऑफिसला तीच. दोन घेणाऱ्यांचा जीव दोन्हीत अडकतो आणि वापरात एकही येत नाही.”

पॉलिशपेपर थांबला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नव्हती. मला ते आवडलं. मला पटकन आवडतं, कबूल करायला मात्र मी उशीर लावते.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या कारखान्यात होते. एक लांब खोली, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, भिंतीवर कानशी आकाराप्रमाणे टांगलेल्या. दाराशी टेबल टाकून त्याची ताई बसायची. गिऱ्हाइकांशी बोलणं, नळ्या मागवणं आणि भावाला वेळेवर जेवायला घालणं ही तिन्ही कामं तिची. “लिफ्टवाली का?” तिने मला बघताच विचारलं. “याला आणखी तासभर अडकवून ठेवायला हवं होतं. तेवढाच विसावा झाला असता त्याला.”

त्याने माझी मापं घेतली. पायांची, हातांची, खांद्यांची. प्रत्येक वेळी “घेऊ ना?” असं विचारून. मग प्रश्न सुरू झाले. पिशवीत काय असतं? हत्यारं, आठ किलो. राहता कुठे? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो इतका हसला की ताई टेबलावरून उठून बघायला आली. मीही हसले. लिफ्ट तपासणारी बाई रोज तीन जिने चढते, हे मला स्वतःलाच कधी गमतीचं वाटलं नव्हतं.

मग त्याने कागदावर सायकल उतरवली आणि बोलत गेला. नळ्या पोलादाच्याच, कारण वाटेत काही तुटलं तर कुठल्याही गावचा वेल्डर जोडून देईल. मागचं चाक थोडं मागे, म्हणजे पेडल मारताना टाच पिशवीला लागणार नाही. टायर रुंद बसतील एवढी जागा, वर मडगार्डला वेगळी. घाटासाठी एक अगदी हलका गिअर. हँडल सरळ आणि किंचित उंच, म्हणजे गर्दीत मान वर राहील. शेवटी त्याने आडव्या नळीच्या मधोमध एक बारीक खूण केली. “इथे खांदा येईल तुमचा. जिना चढताना.” माझ्या तीन जिन्यांचा आजवर कुणी इतका विचार केला नव्हता.

भिंतीवर आणखी चित्रं होती, एकाच माणसाच्या मापाची. ती त्याची स्वतःची. सहा वर्षं तो स्वतःसाठी सायकल काढत होता. वेगाची, लांबच्या प्रवासाची, बाजाराची... एकीवर मन बसेना, म्हणून एकही बनली नव्हती. तो पायी यायचा.

“जगाला सल्ले देतो आणि स्वतः चपला झिजवतो,” ताई म्हणाली. त्याने मान खाली घालून कानस उचलली.

सहा आठवड्यांनी सायकल उभी राहिली. गडद हिरवी, माझ्याच मापाची. चालवून बघण्यासाठी शनिवार ठरला. कामाच्या सवयीने मी चिठ्ठ्या घेऊनच गेले. आमच्याकडे पास झालेल्या लिफ्टला हिरवी चिठ्ठी लागते, नापास झाली तर दोष लिहून लाल. पहिल्या शनिवारी ब्रेक कुरकुरला. मी हँडलला लाल चिठ्ठी बांधली. दुसऱ्या शनिवारी रिमझिम होती, मागचं मडगार्ड वाजत होतं. लाल. तिसऱ्या शनिवारी सीट तसूभर तिरकी. लाल. चौथ्या शनिवारी हँडल पुढे गेलंय असं वाटलं, आणि पाचव्या शनिवारी हँडल छान झालं पण कॅरिअर डावीकडे झुकतंय असं वाटलं. तो दर वेळी चिठ्ठी नीट वाचायचा, “बघतो” म्हणायचा आणि विचारायचा, “चहा?” मग चहाला संध्याकाळ पुरायची नाही.

सहाव्या शनिवारी माझ्या हातात एकच दिवस उरला होता. सहा दिवसांची वाट, येत्या शनिवारी रुजू व्हायचं. रविवारी निघाले नाही तर सायकलने जाणं संपलं. मी गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, उतरले, आणि खिशात हात घातला. कुठली चिठ्ठी काढायची ते मला खरोखर कळत नव्हतं.

“थांबा,” तो म्हणाला. त्याने खणातून माझ्या पाच लाल चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. “ब्रेक, मडगार्ड, सीट. हे तीन दोष खरे होते. मी दुरुस्त केले.” मग त्याने चौथ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “यानंतर मी सायकलला हात लावलेला नाही. दोन आठवडे ती त्या खुंटीवरच होती. तरी हँडल सुधारलं.”

माझे कान तापले. नऊ वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटा शेरा मारला नव्हता.

ताईला अचानक कुणाला तरी फोन करायचा आठवला आणि ती जिन्यात गेली.

“मग... तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही दर शनिवारी येत होता,” तो म्हणाला. “मी कशाला बोलू?”

एकदा सापडल्यावर लपाछपी करणाऱ्यांतली मी नाही. मी सरळ त्याच्यासमोर उभी राहिले. “ठीक आहे. दोष सायकलमध्ये नाही. मला तिकडे जायचंय, मनापासून जायचंय. आणि तुला सोडून जायचं नाहीये.”

“‘तुला’ म्हणालात.”

“म्हणाले. तूही म्हण.”

त्याने पाचही लाल चिठ्ठ्या गोळा केल्या. मला भीती वाटली – हो, मलाही वाटते – की आता तो म्हणेल, राहा. आणि मी राहिले तर? आणि नाही राहिले तर?

“उद्या निघ,” तो म्हणाला. “ही सायकल मी तू जावीस म्हणून बनवलीय. तुला थांबवलं तर माझ्या हातचं पहिलं खोटं काम ठरेल ते.”

मी हिरवी चिठ्ठी काढली, लिहिली, सही केली, हँडलला बांधली. डोळे भरून आले होते, ते मी पुसले नाहीत. मग भिंतीकडे वळून त्याची सगळी चित्रं एकेक करून उतरवली आणि त्याच्या हातात दिली. “एक निवड. चारशे किलोमीटर येईल आणि मग रोजच्या कामालाही चालेल अशी.”

“एकच?” त्याने विचारलं.

“एकच.”

ते सहा दिवस मी कधीच विसरणार नाही. चौथ्या दिवशी घाटात त्याचा तो अगदी हलका गिअर टाकला आणि वळणं मोजत मोजत, मान वर ठेवून, वर पोचले. कुठला नट सैल झाला नाही, काही वाजलं नाही. रुजू व्हायला मी सायकलनेच गेले, शर्टावर चेनच्या तेलाचा डाग घेऊन. आईला फोटो पाठवला. तिने फोन केला आणि विचारलं, सायकल कुणी बनवली. आईला असल्या गोष्टी आवाजावरून कळतात.

नव्या घराला लिफ्ट आहे. ती मी स्वतः तपासली आहे, म्हणून जिन्याने जाते.

आठ आठवड्यांनी एका शनिवारी ऑफिसमधून परतले तर जिन्याच्या तळाशी तो उभा होता. उन्हाने काळवंडलेला, पाय थरथरत असलेला, ओठांवर मिठाचा पांढरा थर. हातात एक सायकल, तिला रंग नव्हता, नुसतं उघडं पोलाद, सांधे रेशमासारखे घासलेले. कॅरिअरवर हत्यारांची पेटी बांधली होती.

“रंग ठरेना,” तो म्हणाला. “म्हटलं, तो तू ठरव. ताई म्हणते तिकडचं दुकान ती बघेल, मी इथे जागा शोधावी... म्हणजे, तुझी हरकत नसेल तर. आधी ही तपास.”

मी तपासली. पुढचं चाक फिरवलं, ब्रेक दाबले, हँडल हलवून पाहिलं, वाकून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. कुठे काही नव्हतं. मग पिशवीतून लाल चिठ्ठी काढली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“दोष काय?”

मी लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने मोठ्याने वाचली. “दोष आढळला नाही. तरी सायकल व सायकलस्वार, दोघांनाही येथेच थांबवून ठेवण्यात येत आहे.”

वाचून तो हसला, मग हसू आवरून त्याने एकदम गंभीरपणे विचारलं, “किती दिवस?”

मी त्याची सायकल खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागले. “तो रकाना या चिठ्ठीत नाही,” मी म्हणाले. “चल वर.”