खांद्यावरचे दोन ठोके

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

ठिकाण जपानमधलं सुवा, तळ्याकाठचा आमचा छोटा कारखाना. साल १९९१, फेब्रुवारी महिना, भर दुपार. आम्ही लेसरच्या काचेच्या नळ्या बनवायचो. आत हेलियम आणि निऑन वायू भरायचे, वीज सोडायची, की लाल किरण निघायचा.

हे काम मला हाचिया मास्तरांनी शिकवलं. माणूस खडूस, पण शिकवायचे झकास. माझ्या खांद्यावर बोटाच्या पेराने दोन ठोके द्यायचे.

"ही वीज. तू हेलियम, हिसाए. ठोका बसला, तू वर चढलीस. आता तुला एकटीला खाली उतरता येत नाही."

मग मला शेजारच्या नोबुमासावर ढकलायचे. "हा निऑन. तुझं ओझं याच्यावर गेलं, तू मोकळी. हा उजेड टाकतो आणि खाली येतो."

नोबुमासा मुद्दाम धपकन खाली बसायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

मास्तर डिसेंबरात गेले. त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी सकाळी देवळात उरकून आम्ही थेट कामावर आलो. त्यांनी भरलेली शेवटची नळी तपासायची राहिली होती. मी ती अंधाऱ्या खोलीत नेऊन तपासली. उत्तम होती. बटण बंद केलं, प्लग काढला.

किरण गेला नाही…

प्लग माझ्या हातात आणि भिंतीवर लाल ठिपका तसाच. वीजच नाही, मग हेलियमला ठोकतंय कोण?

आणि तेवढ्यात… माझ्या खांद्यावर दोन ठोके पडले.

मागे कुणी नव्हतं.

अंगात काहीतरी चढलं. दात शिवशिवायला लागले. मी धडपडत बाहेर आले. नोबुमासा चहा ओतत होता. त्याला सगळं सांगितलं.

"म्हातारा मेला तरी पिच्छा सोडत नाही बघ, हिसाएबाई," म्हणाला, आणि कप माझ्या हातात दिला.

बोटाला बोट लागलं.

त्याचा चेहरा क्षणभर लाल उजळला… मग तो धपकन खाली बसला. मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा.

तो उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. खोलीतला ठिपका विझला होता. आणि मला काय वाटत होतं, माहितेय? हलकं. एकदम हलकं. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे तेहतीस वर्षं काही झालं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी ओट्याशी सूप ढवळत होते. घरात एकटी.

खांद्यावर… दोन ठोके.

तेव्हापासून मी कुणालाही शिवलेले नाही. आमच्याकडे लोक लांबूनच वाकून नमस्कार करतात, म्हणून निभतंय.

माझी मुलगी चिनात्सु पहिलं बाळ दाखवायला येणार होती. दोनदा सर्दीचं निमित्त सांगून टाळलं. काल फोनवर म्हणाली, "आई, आता तुझं काही ऐकणार नाही. उद्या दारातच बाळ तुझ्या हातात देणार."

दहाची गाडी येऊन गेली. मी कडी लावून आत बसलेय आणि हे लिहितेय.

बाहेरून तिचा आवाज येतोय. "आई, थंडी आहे गं, उघड ना."

बाळ रडतंय. मी अजून उठलेले नाही.