नदीला उतार

नदीला उतार शोधायचा होता. परदेशी कंपनी डोंगरापलीकडच्या तांब्याच्या खाणीत भांडवल ओतायला तयार होती, पण खनिजाचे ट्रक पाण्यातून पार होतील अशी उथळ जागा तिला आधी हवी होती. पूल बांधत बसायला कंपनीला सवड नव्हती. रस्ता झाला नाही, तर खाण बंद पडून तिथली वस्ती उठणार होती. त्या वस्तीतच छोटीचं आणि तिच्या दादाचं घर होतं.

शोधाला तिघे निघाले. छोटी मोजणीदार. चाळिशी उलटली, तरी दादाने तिचं नाव काही मोठं होऊ दिलं नव्हतं! दादा जीप चालवायचा. तिसरे होते कंपनीचे परदेशी अभियंता, साहेब. त्यांनी पुस्तकावरून मराठी शिकून घेतली होती आणि ती बोलायची त्यांना भारी हौस.

जंगलात दरडीने वाट अडवली, तेव्हा साहेबांनी हात सोलपटेपर्यंत दगड हटवले. पुढे चिखलात जीप रुतली, तेव्हा सगळ्यात आधी खांदा लावला तोही त्यांनीच.

“माणूस कामाचा आहे गं,” दादा हळूच म्हणाला. “फक्त बोलायला लागला की अर्थाचा अनर्थ होतो!”

नदीजवळ पोहोचले तेव्हा धुकं एवढं दाट होतं, की पाण्याचा नुसता आवाज येत होता. साहेब पायी पुढे गेले. छोटी मागे टेकाडावर सामान उतरवून, धुकं विरेल तेव्हासाठी मोजणीची दुर्बीण लावू लागली.

एवढ्यात साहेबांची आरोळी आली. “उतार आहे! दादा, उतार!”

साहेबांना म्हणायचं होतं, पुढे तीव्र उतरण आहे, थांबा. दादाच्या कानांनी मात्र जे ऐकायची आस होती तेच ऐकलं.

“सापडला!” दादाने गिअर टाकला.

जीप घसरली. थेट पाण्यात! प्रवाहाने तिला आडवी केली. छोटीने सामानातला दोर उचलला आणि ती धावत सुटली. एक टोक झाडाला बांधलं. दुसरं साहेबांनी कमरेला आवळलं आणि उडी घेतली! जीप उलटली. दादा दिसेना. मग एक हात वर आला! साहेबांनी मनगट पकडलं.

“खेचा!” ते ओरडले.

छोटीने सगळा जीव एकवटून खेचलं. दादा काठावर आला. जीप मात्र वाहून गेली.

संध्याकाळी कपारीत शेकोटी पेटवली, पण दादा तापाने फणफणला होता. साहेब टेकाडावरच्या सामानात वाचलेल्या रेडिओवर कंपनीशी आपल्या भाषेत बराच वेळ तावातावाने बोलले.

“मी सांगितलं, उतार नको,” ते छोटीला म्हणाले. “आधी पूल. पुलाशिवाय माझा होकार नाही.”

“मग?”

“भांडवल उशिरा येईल. पण पुलासकट येईल.”

“तुमचे उपकार कसे फेडू, साहेब!” छोटी म्हणाली, आणि रात्रभर दादाच्या कपाळावर ओली पट्टी बदलत राहिली.

उजाडताना तिने पुन्हा हात लावून पाहिला. कपाळ गार होतं!

“साहेब! उतार पडला!”

साहेब ताडकन उठले. दोर हातात. “कुठे? कोण पडलं?”

दादा डोळे न उघडताच हसला. “तापाला उतार पडला हो, साहेब.”

“अरे देवा!” साहेब मटकन खाली बसले. “या शब्दाचे अजून किती अर्थ आहेत?”

“कितीही असू देत,” दादाने चाचपडत त्यांचा हात धरला. “तुम्ही ‘खेचा’ म्हणालात, ते बरोबर कळलं.”