लाल पट्टा

गारखेड्यात डॉक्टर अनंतरावांचा दवाखाना आहे. नेमका कुठं, ते सांगणार नाही. तुम्ही उगाच चपला बघायला जाल.

डॉक्टर दुपारी दोनला जेवायला घरी जातात आणि पाचनंतर, गालावर उशीची घडी घेऊन, परत येतात. दर गुरुवारी मधल्या वेळेत प्रमोदिनी सिस्टर आतल्या खोलीत बसतात. ज्यांना झोप येत नाही, घास उतरत नाही, कारण नसताना रडू येतं, त्यांच्याशी बोलायला. सुरुवातीला डॉक्टरांनी मोठी पाटी लावली होती, 'मानसिक आरोग्य मार्गदर्शन'. महिनाभर माशीसुद्धा फिरकली नाही. "डोक्याच्या दवाखान्यात कुणी बघितलं तर पोरीचं लग्न जमायचं नाय," एका बाईनं कानात सांगितलं.

सिस्टरनं पाटी काढली आणि शक्कल लढवली. येणाऱ्यानं ओट्यावर रांगेत चप्पल काढायची आणि समोर लिंबाच्या पारावर जाऊन बसायचं. पारावर शेंदूर फासलेला देव, त्यामुळं तिथं सगळेच अनवाणी. कोण दर्शनाला आलंय आणि कोण दवाखान्यात, त्या देवालाही कळू नये! सिस्टर दारातून नाव पुकारत नाहीत, चप्पल पुकारतात. "निळी स्लीपर, या आत!"

"सगळ्यांचं तुम्ही ऐकता. तुमचं कोण ऐकतं हो?" डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" सिस्टर हसल्या. पहाटेपर्यंत आपण छताकडं बघत पडतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

तर, वैशाखातला गुरुवार. लाईट गेलेली, पंखा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चारच्या सुमाराला शेवटची कोल्हापुरी मन मोकळं करून गेली. सिस्टर अनवाणीच दारात आल्या. ओट्यावर एक जोड उरला होता. बायकांचा, लाल पट्ट्याचा, एक पट्टा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. चपलेखाली ओल होती. फरशी तव्यासारखी तापलेली, तरी ती ओल सुकत नव्हती.

"लाल पट्टा, या आत!"

पारावरून कुणी उठलं नाही. सिस्टर वळल्या, तर आत स्टुलावर बाई बसलेली. पदर नाकापर्यंत ओढलेला. खोलीत शेवाळाचा वास, बंद पाण्याला येतो तसा.

सिस्टरनं सवयीनं मनगट धरलं. गार. बोटं इकडं सरकवली, तिकडं सरकवली. नाडी काही लागेना. अशक्तपणानं खोल गेली असेल, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. तीस वर्षांची नोकरी, माणूस स्वतःला काहीही पटवून देतं.

"माझं ऱ्हाऊ द्या," बाई हळू म्हणाली. "माझा नंबर आमच्या घरच्यास्नी द्या."

"नाव काय त्यांचं?"

"नाव कसं घेऊ... शेंद्र्याचे. काळे बूट. दोन गुरुवार आले नाय. फोन करा सिस्टर... आत्ताच."

काळे बूट म्हणजे कडुबा. शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमन. संक्रांतीच्या आसपास त्याची बायको गोजरा तापानं गेली, तेव्हापासून यायचा. दोन खेपा चुकल्या, तेव्हा सिस्टरला वाटलं, बरं वाटत असेल. न येणाऱ्याला फोन करायचा, हा त्यांचाच नियम. तोच राहून गेला होता. त्यांनी वहीतून नंबर काढला, मान वर केली. स्टूल रिकामं.

घाबरायला वेळ नव्हता. दवाखान्याच्या फोनवरून त्यांनी नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली... वाजत राहिली...

"कडुबाभाऊ, मी सिस्टर. कुठं आहात?"

"इहिरीवर."

असं असलं की आडून विचारायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का?"

"...व्हय."

"बरं झालं सांगितलंत. आता तिथून उठा, झाडाखाली जा. फोन ठेवायचा नाही. जेवलात का?"

दुसऱ्या हातानं त्यांनी आपल्या मोबाईलवरून कडुबाच्या पुतण्याला, शिवराजला, निरोप धाडला. मग वीस मिनिटं कंपनीच्या कॅन्टीनवर बोलणं चाललं.

"डाळ कसली ती! लई पातळ. त्वांड धुवावं तिच्यात," कडुबा म्हणाला, आणि रडायला लागला. रडता रडता पलीकडं मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला.

सहाच्या आत शिवराज त्याला घेऊन आला. ओट्यावर बूट काढताना कडुबा थबकला.

"सिस्टर... ही कुणी आणली?"

"का हो?"

"पट्टा मी शिवलाय. गोजराच्या दहाव्याला इहिरीत सोडली व्हती. दुसऱ्या कुणाच्या पायात बघवली नसती."

डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या बदलल्या. शिवराज आता त्याच्याजवळच झोपतो. कडुबा गुरुवार चुकवत नाही, आणि पारावर चहात साखर कमी पडली म्हणून भांडतोसुद्धा. चप्पल मात्र त्यानं नेली नाही. ती ओट्याच्या कोपऱ्यात असते. असते म्हणजे, गुरुवारी जागा सोडते. लाल पट्टा ज्याच्या चपलेमागं लागलेला दिसेल, त्याला सिस्टर सगळ्यांच्या आधी बोलावतात. अजून एकदाही चुकीच्या माणसामागं लागलेला नाही.

गेल्या गुरुवारी पारावर कुणीच नव्हतं. सिस्टर अनवाणी दारात आल्या. त्यांची पांढरी सँडल रोज भिंतीकडेला काढलेली असते. ती रांगेच्या तोंडाशी होती. मागं लाल पट्टा, ओला.

आतल्या खोलीत त्यांचीच खुर्ची करकरली. आणि हळू, अगदी त्यांच्याच चालीवर, हाक आली...

"पांढरी सँडल... या आत."