भोक नसलेला संगणक आणि नरसिंहाची चाल

ज्याला तोंडच नाही, त्याला घास भरवायचा कसा?

मंजुळा हातात सीडीची जुनी तबकडी धरून पंचायतीच्या नव्या संगणकाभोवती घिरट्या घालत होती. कुठे फट नाही, खाच नाही. भाकरीसारखा सपाट गडी!

मोखाड्याला उडती एसटी सुरू झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. संध्याकाळी गावात बोहाडा होता (मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव). प्रत्येक सोंगाची संबळावरची चाल वेगळी. नरसिंहाची चाल एकट्या देवजीबाबाला यायची, आणि तो वारला. त्याचं वाजवणं उरलं होतं ते फक्त या जुन्या तबकडीत. ती वाजली नाही, तर मंजुळाच्या घरचा नरसिंह यंदा नाचणार नव्हता.

"लोक ओरडत होते, भोक ठेवा, भोक ठेवा! तरी बुजवलं कंपनीवाल्या मेल्यांनी," ती फणफणली.

"पटाशी आण, मी पाडतो," तिचा बाप भिवा म्हणाला. मुखवटे घडवणारा माणूस. त्याला प्रत्येक दुखण्यावर पटाशीच सुचायची.

"अरे, थांब!" दामूआजा धावला. भिवाचा हा बाप संगणक बनवण्यात उभा जन्म घालवून गावी परतला होता. "माझ्या पहिल्या संगणकाला इतकी भोकं होती, की पावसाळ्यात आतून खेकडे निघायचे. कालवण करून खाल्लं आम्ही!"

"आजा, थापा नको. सोंगाचं बघ."

आजाने मागचं झाकण उघडलं. "हे बघ. तबकडी फिरवायला मोटर लागायची, सरकता खण लागायचा. शिवाय भोकातून धूळ, पाणी, मुंग्या. ते सगळं काढलं, तेव्हा ही मोठी बॅटरी मावली. आणि हा डोळा (अतिसूक्ष्म टिपणारा कॅमेरा)."

"पण गिऱ्हाइकाला भोक हवं होतं ना?"

"हवंच होतं. भिवा, तू लाकडाचे मुखवटे का रे बंद केलेस?"

भिवा हसला. "मान मोडायची नाचणाऱ्याची. कागदाच्या लगद्याचे केले, तर गावाने काय शिव्या घातल्या मला!"

"आणि आता?"

"आता पहाट झाली तरी सोंग खाली बसत नाही."

मंजुळाला लाकडी नरसिंहाखाली वाकलेली बापाची मान आठवली. "म्हणजे जागा करायला काढलं?"

"शाबास! लोकांची आवडती वस्तू काढायला छाती लागते गं. हा संगणक बनवणाऱ्या पोरांचं मला कौतुकच वाटतं."

"आणि माझी तबकडी?"

"तुझा राग खरा आहे. नवं करणाऱ्याने जुन्याला वाट ठेवायलाच हवी. धर ती या डोळ्यासमोर. तिच्यावर बारीक खळगे आहेत. खळगा, सपाटी, खळगा, सपाटी. आवाज असाच लिहिलेला असतो. जुनं यंत्र तो लेसरने (एकाच रंगाच्या, फारशा न पसरणाऱ्या प्रकाशाने) क्रमाने वाचायचं, म्हणून तबकडी फिरवावी लागे. हा डोळा सगळे खळगे एका नजरेत टिपतो."

मंजुळाने तबकडी धरली, पण संगणक गप्पच राहिला. आजाने तबकडी उलटून पाहिली.

"भजी खाल्लीस ना? तेलकट बोटं उमटलीत. पूस आधी!"

तिने तबकडी फ्रॉकला पुसून पुन्हा धरली, आणि खोलीत संबळ कडाडला. भिवाचे पाय आपोआप उचलले गेले.

रात्री नरसिंह नाचत असताना मंजुळा आजाच्या कानाशी ओरडली, "उद्या हा डोळाही काढतील?"

"काढतील की!"

"मग मी कडाकडा भांडेन."

"भांड ना."

"आणि भांडून झालं, की रिकाम्या जागेत काय बसवायचं ते मीच ठरवेन!"

एवढी मोठी थाप दामूआजाने स्वतःही कधी मारली नव्हती. पण ही खरी होणार, अशी त्याची खात्री होती.