तू कोणाची

उत्खननाला आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्या दिवशी येते ते खणण्याचे काम नव्हे, गवत कापण्याचे. कोचकोरच्या खोऱ्यात, जूनआरिक नदीच्या वरच्या अंगाला, ते कमरेएवढे वाढते आणि त्याची पाती बोटांना चिरतात. साल्कीनने सबंध सकाळ आपल्या टेकाडावरचे गवत कापण्यात घालवली. टेकाड मोठे नव्हते. दुरून पाहणाऱ्याला तो नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचा ढीग वाटला असता. परंतु नदी गोटे वर्तुळात रचत नाही, आणि साल्कीनचे शास्त्र अशाच फरकांवर उभे होते.

बिश्केकच्या विद्यापीठात मानवशास्त्र आणि पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलांना तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात असे एकेक जुने थडगे नेमून दिले जाई. त्यातून जे निघेल त्यावर प्रबंध लिहायचा, आणि प्रबंधावर पदवी मिळवायची. ज्याला थडगे नाही त्याला प्रबंध नाही. इतरांच्या दृष्टीने याचा अर्थ एक वर्ष वाया जाणे, एवढाच होता. साल्कीन मात्र बालिकचीच्या अनाथालयात वाढलेली. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली एक खाट यांपलीकडे घर म्हणावे असे तिच्यापाशी काही नव्हते, आणि वर्ष वाया घालवणाऱ्याला या दोन्हींपैकी काहीही मिळत नसे.

दुपारच्या चहानंतर सायराकान आपा आली. थडगी जिच्या कुरणात होती ती ही म्हातारी. खोदकामाला तिची हरकत नव्हती. अट एकच होती, आणि ती त्या गावची जुनी रीत होती. थडग्यात फावडे घालणाऱ्याने आधी त्याच्यासमोर उभे राहून आपल्या सात पूर्वजांची नावे घ्यायची. बाप, आजा, पणजा, असे सातव्यापर्यंत. परक्याच्या दारी गेल्यावर आपण कोणाचे कोण हे सांगावे, तसे. किरगिझ मूल बोलू लागले की त्याच्याकडून ही नावे घोटून घेतात. ज्याला ती येत नसत त्याला पूर्वी गुलाम म्हणत. आता म्हणत नाहीत, नुसते तसे बघतात.

तिच्या वर्गातल्या इलगिझने आपली सात नावे पाढे म्हणावेत तशी म्हणून टाकली. म्हातारीने प्रत्येक नावाला समाधानाने हुंकार भरला. बाकीच्यांचेही झाले. मग ती साल्कीनकडे वळली.

"आणि तू गं? तू कोणाची?"

"कोणाचीच नाही, आपा."

"असं कसं? अळंबीसारखी उगवलीस की काय?"

इलगिझला हसू आवरेना. "सात नसतील तर तीन तरी सांग. उरलेले चार मी देतो उसने. आमच्याकडे रगड आहेत."

"राहू देत तुझ्यापाशी," साल्कीन म्हणाली. "वंशात तू निपजलास एवढं दुःख पुरे आहे त्यांना. मी कशाला भर घालू?"

मुले हसली. म्हातारी हसली नाही. साल्कीनला थडगे उघडता येणार नाही, हे तिने कसलाही राग न दाखवता सांगितले आणि चहाचा वाडगा पुढे केला.

तेमिरबोलोत आगाय हे या मुलांचे शिक्षक. सज्जन मनुष्य, कोणाशी वाकडे येऊ नये म्हणून पुष्कळ गोष्टी सरळ न बोलणारे. त्यांनी साल्कीनला तंबूआड नेले.

"हे बघ, सात नावं रच, म्हण, आणि मोकळी हो. म्हातारीला काय कळतंय?"

"आगाय, मातीच्या थराचा रंग कोणी अंदाजानं लिहिला तर तुम्ही त्याचं पान फाडता."

"ते शास्त्र झालं. ही नुसती रीत आहे."

"रीत मोडा म्हणालात तर मोडते. खोटं बोला म्हणालात तर नाही बोलणार."

"मग टेकाड इलगिझला द्यावं लागेल." ते थांबले. "पुढे तुझं काय होईल ते मलाही माहीत आहे, पोरी, आणि तुलाही."

साल्कीन परत फिरली ती थेट टेकाडापाशी जाऊन उभी राहिली. वंशावळ ही जिवंत माणसांनी आपल्या सोयीने रचलेली कथा असते, असे तिने गेल्या वर्षीच्या निबंधात मांडले होते आणि त्यावरून वर्गात दोन तास वाद झाला होता. त्या निबंधातले प्रत्यक्ष करून दाखवावे, एवढाच त्या क्षणी तिचा हेतू असावा.

"माझं नाव साल्कीन," ती गोट्यांकडे पाहत, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "माझ्यामागे कोण होतं ते मला ठाऊक नाही. तुझ्यापुढे कोण उरलं ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा भांडणच मिटलं. बाप पाहिजेच असेल तर माझा बाप तू."

सायराकान आपाने हुंकार भरला नाही.

"मागे घे ते," ती म्हणाली.

"का? झाली की तुमची रीत."

"त्यांना थट्टा कळत नाही, पोरी."

"मी थट्टा केलीच नाही."

हे खरे होते, आणि म्हातारीला नेमके तेच नको होते. पण आगायांना तंटा मिटल्याचाच आनंद झाला. त्यांनी घाईघाईने साल्कीनच्या हाती फावडे दिले.

काम नीट चालले. गोट्यांचा थर उतरवला, खाली पिवळट माती लागली. साल्कीनने खड्ड्याच्या कडा इतक्या सुबक धरल्या की आगाय इतरांना तिथे आणून म्हणत, "भिंत कशी धरावी ते हिच्याकडून शिका. मातीचा कणसुद्धा गळत नाही." पुढे खड्डा खोल झाला, शिडी लावावी लागली, आणि मदतीला इलगिझ आला. तो घमेली वर ओढी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवी.

एका गुरुवारी, ऊन कलण्याच्या सुमारास, तो मध्येच थांबून हवा हुंगू लागला.

"कोणाच्या घरी कढई चढलीय? भूक लागली राव."

साल्कीनलाही तो वास आला होता. तापलेल्या तेलाचा, आणि तेलात फुगणाऱ्या कणकेचा. गुरुवारी त्या खोऱ्यात घरोघर बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळतात, तेव्हा नवल असे काही नव्हते. मेलेल्यांपर्यंत अन्न पोचत नाही, तळणाचा वास पोचतो, म्हणून आठवड्यातून एकदा त्यांच्या नावाने वास काढायचा, ही रीत तिच्या अनाथालयातली स्वयंपाकीणसुद्धा पाळत असे. नवल एवढेच होते की गाव नदीच्या खालच्या अंगाला होते आणि वारा वरून, बर्फाकडून, येत होता.

ती शिडी चढून वर आली. वर वास नव्हता. ती उतरली, होता. गुडघे टेकून बसली तेव्हा तो वाढला. तिने तळाची माती घमेल्यात भरून वर नेली आणि नाकाशी धरली. मातीला मातीचाच वास होता. म्हणजे वास मातीला नव्हता, मातीतून येत होता. हा भेद तिने मनाशी पक्का केला. कोणी खाली जुने तेल ओतले असेल, ही शंका टिकत नव्हती. थर अखंड होते. ज्याने हे थडगे बुजवले त्याच्यानंतर तिथे कोणाचा हात लागलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वास नव्हता. पुढचे काही दिवसही आला नाही, आणि साल्कीनने त्याचा विचार बाजूला ठेवला. पुढच्या गुरुवारी मात्र तो असा आला की इलगिझच्या तोंडाला पाणी सुटले आणि पाठोपाठ त्याला ओकारी झाली. तो वर जाऊन गवतात बसला. गावातली कुत्री वासामागे धावत आली आणि टेकाडापासून बरीच अलीकडे थबकली. ती भुंकली नाहीत. तिथेच पोटे जमिनीला टेकून पडून राहिली.

कुत्र्यांमागोमाग सायराकान आपा आली. हातांना पीठ लागलेले होते.

"आपा, तुम्ही तळत होतात ना?" आगायांनी विचारले. त्यांच्या आवाजात विनंती होती.

"कणीक मळत होते. कढई अजून चढवलेली नाही." ती कडेपाशी आली, वाकली, आणि सरळ होऊन दोन पावले मागे सरली. "वास कोणासाठी काढतात ते तुम्हाला मी सांगायला नको."

"मेलेल्यांसाठी," इलगिझ म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला. "पण हा तर खालून येतोय. मग त्यांच्या लेखी मेलेलं कोण?"

सगळ्यांच्या नजरा साल्कीनकडे गेल्या, आणि मग सगळ्यांनीच त्या काढून घेतल्या.

"बुजवा ते," सायराकान आपा म्हणाली. "माझ्या जमिनीवर आता काही उघडायचं नाही. या पोरीचं तर नाहीच. ती कोणाची, तिचं तिलाच माहीत नाही."

आगायांनी घसा साफ केला. "तसाही या भिंतींचा भरवसा वाटत नाही मला. ढासळल्या तर जबाबदारी माझी. आत्ताच माती लोटून घेऊ."

"याच भिंती तुम्ही सगळ्यांना नमुना म्हणून दाखवत होतात," साल्कीन म्हणाली.

"वाद घालू नकोस, साल्कीन."

"दुसरं काय शिकवलंत?"

ती वळली आणि शिडीवरून खाली उतरली. तिच्या अंगावर माती लोटण्याची छाती कोणाला झाली नसती, हे तिला ठाऊक होते.

थोडे खरवडताच ओंडके लागले. थडग्यावर आच्छादन म्हणून घातलेले, एकाशेजारी एक, काळे पडलेले आणि अजून धड असलेले. तिने थापीने त्यांवरची माती काढली. वास इतका दाट झाला होता की तो जिभेवर बसत होता.

मग आवाज आला. तापल्या तेलात कणकेचा गोळा सोडला की होतो, तो.

थोड्या वेळाने आणखी एक गोळा सोडल्याचा.

आपण भ्यालो आहोत, हे साल्कीनने स्वतःशी मान्य केले. भ्यालेल्या माणसाने हक्क सोडलाच पाहिजे, हे मात्र तिला मान्य नव्हते.

"ऐक," ती ओंडक्यांकडे वाकून म्हणाली. "तुझी आहे म्हणाले. मेलेली आहे म्हणाले नव्हते. मी इथे उभी आहे, जिवंत, आणि हे तळण मला नको."

तेल चुरचुरत राहिले.

"बाप पोरीच्या नावानं वास काढत नाही. बाप तिला नावं शिकवतो. तेवढं येत असेल तर बाप म्हणवून घे. नाही तर मी माझी भली, आणि तू तुझा."

चुरचुर थांबली. कोणी कढई उतरवून ठेवावी, तशी एकदम.

वास गेला.

तिने तळवा ओंडक्यावर टेकला. ऐकू आले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. बंद दारापलीकडे कोणी बोलू लागले की फळीला जो कंप जाणवतो, तो तिच्या तळव्याला जाणवला. ती तशीच बसून राहिली. वर उभ्या असलेल्यांना तेवढा तिचाच आवाज येत होता. काहीतरी पुटपुटणारा, थांबणारा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा.

ती वर आली तेव्हा उन्हात पुष्कळ पिवळेपणा आला होता. आगाय फावडे धरून उभे होते.

"आपा," साल्कीन म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना, मी कोणाची?"

तिने पहिले नाव घेतले. ते किरगिझ नव्हते. घशात सुरू होऊन दातांशी संपणारे असे नाव त्या खोऱ्यात कोणी आपल्या मुलाला ठेवत नाही. जन्मभराच्या सवयीने म्हातारीच्या तोंडून हुंकार निघून गेला, आणि तिने पिठाचा हात तोंडावर दाबला.

दुसरे. तिसरे.

"कोणती भाषा गं ही?" इलगिझ हळूच म्हणाला. आगायांनी नकारार्थी मान हलवली. जुन्या भाषांवर त्यांनी आयुष्य घालवले होते.

चौथे. पाचवे. सहावे.

सातव्याला ती अडखळली. नाव ओठांपर्यंत आले आणि निसटले. तिने डोळे मिटले, आठवून पाहिले, मग कमरेची बाटली काढली आणि एक मोठा घोट तोंडात घेतला.

तिचे तोंड पाण्याने भरलेले असतानाच सातवे नाव उच्चारले गेले.

ते सर्वांनी ऐकले. सावकाश, अक्षरे सुटी करून, लहान मुलाला सांगावे तसे.

आगायांनी फावडे गवतात ठेवले. ठेवताना आवाज होऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली.

साल्कीनने घोट गिळला, बाटलीचे झाकण लावले. "थडगं माझं आहे," ती म्हणाली. "उद्या ओंडके उचलायचे." आणि मान ताठ ठेवून तिने ते सातवे नाव स्वतःच्या तोंडाने घेतले.

त्यातले एक अक्षर चुकले. ते खालून दुरुस्त करण्यात आले.